रेझिनचं वापिटी, १:७२ : मदत हवी आहे (आणि कामाची नोंद)

वावटळ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं कपाटात ठेवलेला डबा परवा उघडला. वेस्टलँड वापिटी या जुन्या ब्रिटिश दुपंखी विमानाची प्रतिकृती, १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची), सगळंच्या सगळं रेझिन. सोबत डिकलचा (विमानावर चिकटवायच्या छापील खुणांचा) एक कागद, वैमानिकासमोरच्या काचेसाठी पारदर्शक पत्र्याचा तुकडा आणि सूचना म्हणून एकच पान.

हेच विमान का, ते आधी सांगतो. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी २ए होती. सहा अधिकारी, एकोणीस 'हवाई सिपाही' आणि ही चार विमानं. एवढंच हवाई दल. त्या सहांपैकी सुब्रतो मुखर्जी बरोबर एकवीस वर्षांनी, १ एप्रिल १९५४ ला, हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पिटफायर मी तीन केली, हरिकेन दोन केली. पण जिथून सुरुवात झाली ते विमान आपल्याकडे नाही, हे मनाला लागून राहिलं होतं.

भाग धुवायच्या आधी नीट बघून घेतले. अडचणी अशा:

वरचा पंख एकसंध आहे आणि धनुष्यासारखा वाकलाय. टेबलावर ठेवला की मधोमध खालून नख आरपार जातं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ४६ फूट ५ इंच, म्हणजे १:७२ मध्ये साधारण १९६.५ मिमी. माझा पंख १९५ भरला. दीड मिमीचं मला काही वाटत नाही, बाक मात्र घालवायलाच हवा.

दोन पंखांमधले स्ट्रट, म्हणजे आधाराच्या उभ्या काड्या, रेझिनचेच आहेत, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. एक डब्यातच मोडलेला निघाला. आणि पंखाच्या मागच्या कडेला बुडबुड्यांची टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत, ओळीने.

रेझिनचं हे माझं दुसरंच काम. पहिलंही दुपंखीच होतं. ते पूर्ण झालं, छान दिसलं, आणि एक उन्हाळा कपाटात काढल्यावर त्याचे चाकांचे पाय फाकून पोट जमिनीला टेकलं. हे तसं होऊ द्यायचं नाही. अनुभवी मंडळींनी हात द्यावा.

---

टिटवी

वापिटी! फार आनंद झाला. वाचतेय.

पंखाचा बाक जाईल, घाबरू नका. रेझिन तापलं की मऊ पडतं आणि ज्या आकारात गार होईल तोच धरून बसतं. पसरट ताटात कढत पाणी घ्या. उकळतं नको, हात घातला तर चटकन काढावासा वाटेल इतपत. पंख त्यात अर्धा-पाऊण मिनिट ठेवा, बाहेर काढून जाड काचेवर ठेवा, वरून दुसरी काच, आणि दोन्ही तशाच गार पाण्यात बुडवा. एका फेरीत पूर्ण सरळ होणार नाही. दोन-तीन फेऱ्या लागतात. जोर लावून उलट्या बाजूला वाकवायला जाऊ नका, पाण्याला काम करू द्या.

एक मात्र बघा. पंखाची वरची बाजू फुगीर असते, त्यामुळे सपाट काच वरून दाबली की तो फुगवटा चेपायची भीती असते. वरच्या काचेखाली मऊ कापडाची घडी घाला.

---

धातुकाम

स्ट्रट फेकून द्या. म्हणजे मापासाठी जपून ठेवा, पण विमानात लावू नका.

तुमच्या आधीच्या विमानाचे पाय फाकले त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. रेझिनचा तो स्वभावच आहे. बारीक काडीवर कायमचं वजन राहिलं की ती महिनोन् महिने हळूहळू वाकत राहते, आणि उन्हाळ्यात जास्त. त्यात तुमचे पंख भरीव. प्लॅस्टिकच्या पंखापेक्षा हे वजन कितीतरी जास्त.

पितळेची तार किंवा पट्टी घ्या. स्ट्रट आडवा कापला तर पाण्याच्या थेंबासारखा दिसतो, पुढे गोल आणि मागे निमुळता. ०.८ मिमीची गोल तार घ्या, पोलादी पट्टीवर ठेवून हातोडीने हलकेच चपटी करा, मग कानशीने कडा निमुळत्या करा. दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी तार गोलच ठेवायची, ती खुंटी म्हणून भोकात जाते. एका स्ट्रटला मला दहा मिनिटं लागतात. वापिटीला प्रत्येक बाजूला दोन-दोन जोड्या, म्हणजे पंखांमधले आठ, वर धडावरून मधल्या भागाला जाणारे चार वेगळे. एक संध्याकाळ धरा.

चाकांच्या पायांनाही हेच. तिथे तर १ मिमीची तारच वापरा.

---

नवशिका७२

धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारू का? मी आत्तापर्यंत फक्त प्लॅस्टिकची किट केली आहेत. नेहमीचं मॉडेलचं पातळ सिमेंट रेझिनला चालत नाही असं वाचलं. का चालत नाही?

---

टिटवी

नवशिका७२, जरूर विचारा. ते सिमेंट खरं तर चिकटवत नाही, ते पॉलिस्टायरिन विरघळवतं. दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकच तुकडा होतो. किटचं रेझिन हे बहुधा पॉलियुरेथेन असतं, ते त्या द्रावणात विरघळतच नाही. म्हणून इथे सायनो (सुपरग्लू) किंवा दोन भागांचं इपॉक्सी. सायनो झटपट धरतं पण धक्क्याने तुटतं. जिथे भार आहे तिथे आत पितळेची खुंटी आणि इपॉक्सी, असं दोन्ही.

आणि रेझिन कापताना, घासताना मास्क लावा. साधा कापडी नको, धुळीसाठीचा घट्ट बसणारा. पॉलिश पेपर पाण्यात बुडवूनच घासा. ती धूळ पिठासारखी बारीक असते आणि फुफ्फुसात गेली की तिथेच राहते. हे मी सगळ्यांनाच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगत राहीन.

---

राखाडी

वावटळ, रंग कोणता देणार? ड्रिग रोडचं वापिटी म्हणजे चंदेरी, बरोबर?

असेल तर आत्ताच एक सांगून ठेवतो. हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजखाली बरंच काही खपून जातं. चंदेरीखाली काहीही खपत नाही. ओरखडा, भोक, सांधा, बोटाचा ठसा, सगळं दुप्पट मोठं होऊन वर येतं. तुमची ती मागच्या कडेची भोकं 'प्राइमरमध्ये भरून जातील' असं मनात असेल तर ते काढून टाका.

भोकं भरायला सायनोत बेबी पावडर मिसळा, टाचणीने आत ढकला, आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर सायनो रेझिनपेक्षा टणक होतं. मग घासताना रेझिन झिजतं, भराव तसाच राहतो आणि तिथे उंचवटा येतो.

---

वावटळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराचा हिशेब देतो.

पंख तीन फेऱ्यांत सरळ झाला. टिटवीताई, कापडाच्या घडीचं सांगितलंत ते फार बरं झालं. काच पारदर्शक असल्यामुळे गार पाण्यात तो हळूहळू टेकताना दिसत होता.

ओतकामात भागांना चिकटून राहिलेले ठोकळे करवतीने कापले. इंजिनाच्या सिलिंडरला ठोकळा अगदी बुडाशी होता, तिथे घाई केली असती तर सिलिंडरवरच्या बारीक चकत्या तुटल्या असत्या. ब्रिस्टल ज्युपिटरचे नऊ सिलिंडर सुटे आहेत आणि कुठला कुठे बसवायचा याची खूण नाही. कागदावर वर्तुळ काढून चाळीस-चाळीस अंशांवर नऊ रेषा मारल्या, मधोमध टाचणीने इंजिनाचं पोट रोवलं आणि एकेक सिलिंडर रेषेवर बघून लावला. या विमानाला इंजिनावर झाकण नाही, सगळं उघडं, त्यामुळे एक सिलिंडर जरी तिरका गेला तरी समोरून लगेच कळतं.

पितळेचे बारा स्ट्रट झाले. पहिले तीन टाकून दिले, चौथ्यापासून हात बसला.

भोकं भरली. चौतीस होती, मोजली.

---

जुनी_पानं

सुंदर चाललंय. काम वाळेपर्यंत थोडा इतिहास.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाकडे डीएच ९ए या विमानाच्या सुट्या भागांचा मोठा साठा पडून होता. नवीन विमान करा, पण त्यातले शक्य तेवढे भाग वापरा, अशी मागणी हवाई मंत्रालयाने केली आणि त्यातून १९२७ मध्ये वापिटी उडालं. म्हणून त्याच्या पंखांकडे बघून डीएच ९ए ची आठवण येते. २ए पर्यंत येताना आतला सांगाडा धातूचा झाला, वर आवरण मात्र कापडाचंच राहिलं.

आणखी एक योग बघा. ड्रिग रोडला स्क्वॉड्रन उभी राहिली १ एप्रिलला, आणि ३ एप्रिल १९३३ ला पूर्णियाजवळच्या लालबालूहून उडालेल्या दोन वेस्टलँड विमानांनी पहिल्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावरून उड्डाण केलं. त्यातलं एक वॉलेस होतं, म्हणजे वापिटीचीच पुढची आवृत्ती. एकाच आठवड्यात एकाच घराण्याची विमानं, एकीकडे ड्रिग रोडला आणि एकीकडे एव्हरेस्टवर.

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिटी आहे, के-८१३. पूर्ण अवस्थेतलं जगात तेवढंच उरलंय. ज्यांना शक्य आहे त्यांनी जाऊन बघावं. कापडाखालच्या फासळ्या किती हलक्या दिसतात ते तिथे कळतं.

---

राखाडी

जुनी_पानं यांनी शेवटी सांगितलं ते महत्त्वाचं आहे. बऱ्याच किटमध्ये पंखाचं कापड दोन फासळ्यांमध्ये असं खोल गेलेलं दाखवतात, जणू वाळत घातलेलं धोतर. खरं कापड डोप (कापड ताणून धरणारा वार्निशसारखा लेप) लावून ताणलेलं असतं, ढोलाच्या चामड्यासारखं. १:७२ मध्ये तो खळगा दिसताच कामा नये. फासळ्यांवरून ६०० नंबरचा, मग १००० नंबरचा पेपर फिरवा, बोटाला जेमतेम लागतील इतपत ठेवा.

---

वावटळ

आज वाईट बातमी आहे.

प्राइमर दिला, छान बसला. दोन दिवस वाळू दिला. त्यावर चंदेरीचा पहिला हात दिला, तोही छान. सुकाणूच्या पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावली, आखणी बघितली, टेप काढली. टेपेबरोबर रंग आला. कडेला नाही, मधोमध. बोटाच्या पेराएवढी गोल पापडी, चंदेरी आणि प्राइमर दोन्ही, आणि खाली स्वच्छ हस्तिदंती रेझिन. मग शंका आली म्हणून डाव्या पंखाच्या टोकाला टेप लावून बघितली. तिथेही तेच.

मी भाग धुतले होते. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, दहा मिनिटं.

दोन आठवड्यांचं काम आहे. आता काय करू?

---

टिटवी

वाईट वाटलं. पण विमान शाबूत आहे, गेलाय तो फक्त रंग.

हे साच्याच्या तेलाचं काम आहे. साचा सिलिकोन रबराचा असतो, आणि ओतीव भाग सहज सुटावा म्हणून त्यात द्रव्य फवारतात. ते भागाच्या अंगावर येतं. काही भागांवर कमी, काहींवर इतकं की हाताला बुळबुळीत लागतं. दहा मिनिटांच्या साबणाने ते जात नाही.

सगळा रंग उतरवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून पुसत जा, खिडकी उघडी ठेवून. लॅकर प्राइमर हट्टी असतो, त्याला वेळ लागेल. राहिलेला पेपरने ओला घासून काढा. सिलिंडरांना हात लावू नका, ते वेगळे रंगवलेत ना?

मग भाग रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने कानाकोपरे घासा, वाहत्या पाण्याखाली धुवा, पुन्हा अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. हातमोजे घाला. तेल नीट गेलंय का याची खूण सांगते. धुतलेल्या पंखावर पाणी टाकलं की ते पसरट पातळ थरासारखं राहिलं पाहिजे. थेंब थेंब होऊन आक्रसत असेल तर तेल अजून आहे.

---

धातुकाम

+१. पाण्याच्या थरावरून बघायची युक्ती मी धातूलाही वापरतो.

पितळेचे स्ट्रटही प्राइमरआधी पेपरने खरवडून घ्या. गुळगुळीत पितळेवर रंग टिकत नाही.

---

वावटळ

रंग उतरवायला चार संध्याकाळी गेल्या. शेपटीच्या आडव्या पंखाचं टोक घासताना निसटलं आणि चिरलं, ते पुन्हा बांधलं.

धुताना जे दिसलं ते सांगतो. उजव्या पंखावर पाणी काचेवर राहावं तसं सपाट पसरलं. डाव्यावर त्याच पाण्याचे मणी झाले. एकाच डब्यातले दोन पंख, एकाच पाण्यात धुतलेले. मी मात्र पहिल्या वेळी एक भाग तपासून बाकीचे तसेच असणार असं धरून चाललो होतो. डावा पंख आणखी दोनदा धुतल्यावर मणी गेले.

प्राइमर पुन्हा दिला. या वेळी चार वेगवेगळ्या जागी टेप दाबून ओढून बघितली. काही आलं नाही.

आता चंदेरीबद्दल विचारतो. नैसर्गिक धातूसाठी लोक खाली चकचकीत काळा देतात आणि वर अल्क्लॅडसारखा धातूसारखा चमकणारा रंग. तसं करू का?

---

राखाडी

नको! हे धातू नाही, हा रंगच आहे. लिननचं कापड, त्यावर डोपचे हात, आणि वरच्या हातांत अॅल्युमिनियमची भुकटी. ती भुकटी शोभेला नव्हती. सूर्यप्रकाश परतवायला होती, म्हणजे अतिनील किरणांनी खालचं कापड कुजू नये. त्यामुळे दिसायला ते आरशासारखं चमकत नाही. दाट, शांत, किंचित दुधाळ चंदेरी. काळ्यावर पातळ धातूचा रंग दिलात तर कापडाचं विमान पत्र्याचं दिसायला लागेल.

मी टामियाचा फ्लॅट अॅल्युमिनियम घेतो, एक्सएफ-१६, आणि त्यात पांढऱ्याचे काही थेंब. खाली साधा करडा प्राइमर. इंजिनामागचे पत्रे खरोखर धातूचे आहेत, तिथे पांढरा न घालता तोच रंग, म्हणजे किंचित गडद आणि थंड दिसेल. हा फरक बघणाऱ्याला सांगता येऊ नये, पण जाणवावा. शेवटी सगळ्यावर सॅटिन वार्निश.

हवा फार दमट असेल त्या दिवशी लॅकर फवारू नका, वर पांढुरकी साय धरते.

---

वावटळ

चंदेरी झाली. राखाडी, तुम्ही 'दुधाळ' म्हणालात ते फवारताना समजलं. दिव्याखाली विमान फिरवलं की चमक सरकत नाही, जागच्या जागी उजळते. फार समाधान झालं.

आता सुकाणूच्या पट्ट्या. माझ्याकडे एका जुन्या नियतकालिकातलं कात्रण आहे, कृष्णधवल, १९३० ते ३४ मधलं, वापिटी बाजूने. सुकाणूवर तीन उभे पट्टे. पुढचा जवळजवळ काळा, मधला पांढरा, मागचा फिकट करडा. निळा गडद असतो, म्हणून पुढचा निळा आणि मागचा लाल असं ठरवतोय. डिकलचा कागद मात्र उलट सांगतोय, लाल पुढे. कागद चुकलाय असं मला वाटतं.

---

जुनी_पानं

थांबा, मास्किंग टेप खाली ठेवा!

त्याच फोटोत धडावरची गोल खूण बघा. तिचा मधला ठिपका लाल आणि बाहेरचं कडं निळं, याबद्दल तर वाद नाही ना? मग सांगा, फोटोत गडद काय दिसतंय, ठिपका की कडं?

---

वावटळ

भिंग लावून बघितलं. ठिपका काळाकुट्ट. कडं इतकं फिकट की चंदेरी धडापासून वेगळं काढायला डोळे बारीक करावे लागतात.

---

जुनी_पानं

झालं तर मग. तुमचा फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरचा आहे. ती फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागते, लाल तिला दिसतच नाही. म्हणून लाल काळा उमटतो आणि निळा फिकट. आपण आजच्या डोळ्याने 'निळा गडद' म्हणतो ते त्या फिल्मला लागू नाही.

म्हणजे सुकाणूवरचा पुढचा काळा पट्टा लाल आहे आणि मागचा फिकट निळा. तुमचा डिकलचा कागद बरोबर आहे. काळाशीही जुळतं. ब्रिटिश विमानांवर आधी निळा पट्टा पुढे असायचा, १९३० मध्ये तो क्रम उलटला आणि लाल पुढे आला, १९३४ मध्ये पट्टेच बंद झाले.

कुठल्याही जुन्या फोटोत रंग ठरवायच्या आधी त्याच फोटोत ज्याचा रंग आपल्याला पक्का माहीत आहे अशी एक तरी वस्तू शोधायची. विमानाच्या बाबतीत गोल खूण ती सोय आयतीच करून देते.

---

नवशिका७२

हा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंवर आता पुन्हा बसणार. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

वावटळ

लाल पुढे. रंगवलं, डिकल नाही वापरलं. पहिल्या टेपेला हात थरथरत होता, पण रंग जागचा हलला नाही. गोल खुणांचे डिकल मात्र वापरले, खाली चकचकीत वार्निश देऊन, म्हणजे कडेखाली हवा अडकून पांढुरकं दिसत नाही.

वरचा पंख कालच बसवला. जाड पुठ्ठ्याचा साचा केला होता. खालचे पंख त्यात अडकतात आणि वरचा पंख नेमक्या उंचीवर टेकतो. सगळे स्ट्रट आधी खालच्या पंखात सायनोने उभे केले, वरची भोकं मुद्दाम किंचित सैल ठेवली आणि त्यांत सावकाश वाळणारं इपॉक्सी घातलं, म्हणजे पाच-दहा मिनिटं हलवाहलव करता येते. समोरून बघितलं, मागून बघितलं, वरून बघितलं. मग रात्रभर हात लावला नाही.

आता तारा. भोकं ०.३ मिमीची, रंगाआधीच पाडून ठेवली होती. आपल्याकडे लहान कड्या आणि ताणखिळे मिळतात ना, पितळेचे कोरीव, ते प्रत्येक तारेच्या टोकाला लावावेत का? खूप खुलून दिसेल असं वाटतं.

---

धातुकाम

धातूचा माणूस असून सांगतो, लावू नका. त्या काळातल्या ब्रिटिश विमानांवर गोल दोरखंडी तारा आणि ताणखिळे नसायचे. रॅफवायर म्हणत त्या पट्ट्या असायच्या, ओढून काढलेल्या पोलादाच्या, आडव्या छेदात डोळ्याच्या आकाराच्या, वाऱ्याला कमी अडणाऱ्या. टोकाला आटे, ते थेट बिजागरीत फिरत जायचे. म्हणून लायक्राचा चपटा धागा घ्या, पीळ पडू देऊ नका, आणि टोकाला ठिपकाभर रंग. बस.

कुठली तार काय करते हे समजून लावलीत तर चुकणार नाही. खालच्या पंखाच्या मुळापासून वर बाहेर जाते ती उड्डाणतार. हवेत पंख वर उचलले जातात, त्यांना ती धरून ठेवते. कित्येक विमानांत ती दुहेरी असते. उलट दिशेची, वरच्या पंखाच्या मधोमधून खाली बाहेर जाणारी, ती उतरतार. विमान जमिनीवर असताना पंखांचं वजन तिच्यावर. आधी आतल्या तारा लावा, मग बाहेरच्या, नाहीतर चिमटा आत जाणार नाही.

---

टिटवी

आणि ताण अगदी नावापुरता. लायक्रा ओढत राहतो. सगळ्या तारा एकाच बाजूला ताणल्या तर कष्टाने सरळ केलेला पंख पुन्हा पिळेल. एक डावीकडे, एक उजवीकडे, असं आलटून पालटून लावा.

---

जुनी_पानं

तुमचं चालू आहे तोवर एक सुचवतो. या विमानांची गोष्ट १९३३ ला संपत नाही. त्या स्क्वॉड्रनची ए फ्लाइट ही तुकडी १९३७ मध्ये उत्तर वझिरिस्तानात मिरानशाहहून प्रत्यक्ष कारवाईत उतरली ती वापिटी घेऊनच. आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची अशा बंदरांच्या रक्षणासाठी किनारा संरक्षण तुकड्या उभ्या केल्या, त्यांच्याही वाट्याला आधी हीच जुनी वापिटी आली. पुन्हा कधी दुसरं करणार असाल तर मुंबईच्या तुकडीचं करा.

---

वावटळ

झालं.

तारांना तीन रात्री लागल्या. शेवटची उड्डाणतार उजव्या बाजूची, बाहेरची. धाग्याचं टोक चिमट्यात, सायनोचा ठिपका सुईच्या टोकावर, आणि श्वास रोखून आत सरकवलं. धरल्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली, तार थरथरून स्थिर झाली.

नेमबाजाच्या मागच्या खड्ड्यावर स्कार्फ कडं (बंदूक फिरवायचं गोल कडं) आणि लुईस बंदूक बसवली. बंदूक रेझिनचीच आहे, तिच्यावर भार नाही म्हणून ठेवली. चाकांच्या पायात १ मिमी पितळ आहे. पेन्सिलीने कागदावर चाकांमधलं अंतर टिपून, तारीख घालून तो कागद विमानाखालीच ठेवलाय. उन्हाळा संपला की पुन्हा मोजेन आणि इथे लिहीन.

जुनी_पानं, मुंबईच्या तुकडीचं मनात घेतलंय. तो मोडलेला रेझिनचा स्ट्रट मापासाठी जपून ठेवलाय, धातुकाम यांनी सांगितल्याप्रमाणे.

फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढतो. दिव्याखाली चंदेरीचा रंग खरा येत नाहीये.

---

राखाडी

वाट बघतोय. एक फोटो समोरून, अगदी नाकाच्या उंचीवरून काढा, नऊच्या नऊ सिलिंडर दिसू देत.

---

टिटवी

आणि एक खालून! डावा पंख बघायचाय.